पेपेंची फाईल : वेर्कोर १९४३-४४ (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी २०२५

खोक्यातल्या सगळ्या गोष्टींची यादी आज संपली. तीन ऑडिओ कॅसेट, एक फोटोंचा अल्बम ज्याचे अर्धे फोटो गळून पडलेत, पोस्टकार्डांचा गठ्ठा, प्रतिकार चळवळीतल्या जुन्या माणसांच्या असोसिएशनचं सभासद कार्ड, आणि एक कापडी गुंडाळी जिच्यात आरी, रापी, दोन फर्मे आणि खिळ्यांची डबी. हे सगळं माझ्या नवऱ्याच्या आजोबांचं. घरात त्यांना सगळे पेपे म्हणायचे म्हणून मीही पेपेच म्हणते, मला ते भेटले नाहीत, माझं लग्न होऊन मी ग्रनोब्लला आले तोपर्यंत त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

प्रोजेक्ट काय आहे ते एकदा लिहून ठेवते. पेपे दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते, वेर्कोरच्या पठारावर. घरातल्या प्रत्येकाकडे त्यांची एकेक गोष्ट आहे आणि सासरे आता पंच्याहत्तरीला आलेत. जे आहे ते सगळं डिजिटल करायचं, कोणी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं, कागदपत्रं शोधायची. फ्रेंचमधून नातेवाईकांसाठी, आणि मराठीतून माझ्या लेकीसाठी आणि पुण्याला आईबाबांसाठी.

घरात सगळ्यांना पाठ असलेलं एक वाक्य आहे, पेपे स्वतःच म्हणायचे म्हणे, की "मी काही केलं नाही, मी नुसते बूट शिवले." ख्रिसमसला कुणीतरी हे वाक्य म्हणतं आणि सगळे मायेने हसतात. मला ते ऐकून दर वेळी आत कुठेतरी टोचतं. बूट शिवणाऱ्या माणसाच्या कामापुढे "नुसते" हा शब्द किती पिढ्या लावला गेलाय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला लागत नाही. म्हणून या कामाची सुरुवात मी त्या वाक्यापासून करतेय.

१८ जानेवारी

कॅसेट. १९८६ मध्ये आत्तेसासूबाई कॉलेजात होत्या तेव्हा त्यांनी वडलांना समोर बसवून रेकॉर्ड केलेल्या. नव्वद मिनिटांच्या आहेत म्हणजे टेप पातळ, म्हणून रिवाइंड-फॉरवर्ड अजिबात नाही, एकदाच सरळ वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. आवाज साफ करायचे फिल्टर मूळ फाईलवर लावायचे नाहीत, कॉपीवर लावायचे. मागे घड्याळाची टिकटिक आहे आणि मधूनच स्वयंपाकघरातून मामींचा (आजेसासूबाईंना घरात मामीच म्हणतात, फ्रेंच पद्धतीने) आवाज येतो, तो काढून टाकायचा प्रश्नच नाही.

पहिल्या कॅसेटची पहिली बाजू ऐकली. पेपेंचा जन्म १९२२ चा, गाव रोमाँ, इझेर नदीच्या काठचं. रोमाँ म्हणजे फ्रान्सचं बुटांचं गाव, कातडी कमावण्याचा आणि बुटांच्या कारखान्यांचा धंदा तिथे पिढ्यानपिढ्यांचा. वयाच्या चौदाव्या वर्षी कारखान्यात लागले. आणि मग १९४३ चा फेब्रुवारी.

१६ फेब्रुवारी १९४३ ला व्हिशी सरकारने, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारने, कायदा केला की १९२० ते १९२२ मध्ये जन्मलेल्या पोरांनी सक्तीने कामाला जर्मनीला जायचं, तिथल्या कारखान्यांत. याला एसटीओ म्हणायचे. पेपे बरोबर त्या यादीत. १० मार्चला रोमाँच्या स्टेशनवरून गाडी निघणार होती आणि गावातली माणसं, त्यात बायका किती तरी, स्टेशनात घुसून रुळांवर उतरली. गाडी हलू दिली नाही. त्या गोंधळात काही पोरं निसटली. पेपे सांगतात ते मी तसंच उतरवते: "माझ्या हातात बॅग होती. शेजारच्या बाईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, आता तुझ्याकडे बॅग नाही, तू प्रवासी नाहीस, घरी जा."

ते घरी गेले नाहीत. इथे पहिली बाजू संपते, अगदी खटकन.

२ फेब्रुवारी

दुसरी बाजू. इथे खरा मजकूर आहे त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी वेर्कोर म्हणजे काय ते, पुण्याच्या वाचकांसाठी. ग्रनोब्लच्या नैऋत्येला चुनखडीचं एक प्रचंड पठार, चहूबाजूंनी कडे, वर जायला मोजके रस्ते आणि पूर्वेकडून काही अवघड खिंडी. ज्याने सह्याद्रीत घाटमाथ्यावरून खाली कोकणात बघितलंय त्याला ही जागा पाहिल्यावर लगेच कळतं की इथे कुणीतरी किल्ल्यासारखा विचार केला असणार. तसा तो झालाच होता. पिएर दालोझ नावाचा आर्किटेक्ट, गिर्यारोहक माणूस, त्याने १९४२ च्या शेवटी एक टिपण लिहिलं की या पठारावर ऐन वेळी मित्रराष्ट्रांचे पॅराट्रूपर उतरवायचे आणि जर्मनांच्या पाठीवर वार करायचा. लेखक जाँ प्रेव्हो त्याचा मित्र आणि या विचारातला सोबती. टिपण देशातल्या प्रतिकार गटांना एकत्र आणणाऱ्या जाँ मूलँपर्यंत गेलं, गुप्त सेनेचे प्रमुख जनरल दलेस्त्रँ यांच्यापर्यंत गेलं, लंडनला, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढत राहिलेल्या फ्रान्सचे नेते दगॉल यांच्या माणसांपर्यंत गेलं. त्याचं नाव प्लान मोंतान्यार. मग जून १९४३ मध्ये दलेस्त्रँ आणि मूलँ दोघंही पकडले गेले, आणि ती योजना कुणाच्या कपाटात किती जिवंत राहिली यावर आजही इथले लोक तावातावाने बोलतात.

पेपेंना यातलं काहीही माहीत नव्हतं. ते आँबेलला गेले. आँबेल म्हणजे पठाराच्या दक्षिण-पश्चिम टोकाला एक मोठं शेतघर, तिथे जंगलतोडीचं काम चालायचं आणि त्या कामाच्या आडून एसटीओ चुकवलेली पोरं लाकूडतोडे म्हणून ठेवलेली. वेर्कोरमधला हा पहिला कँप, १९४३ च्या सुरुवातीचा, त्याला सी-१ म्हणायचे. पुढे असे बरेच कँप झाले.

आता बूट. शहरातली पोरं शहरातल्या बुटांत वर आलेली. युद्धात चामडं जर्मनांनी उचललेलं, फ्रान्सभर लोक लाकडी तळव्यांचे बूट घालत होते, रोमाँचे कारखानेही तेच बनवत होते. लाकडी तळव्याने बर्फात आणि धारदार चुनखडीवर चालून दाखवा. पेपे म्हणतात, पंधरा दिवसांत पोरांच्या पायांची चाळण, आणि ज्याचा पाय गेला तो पहाऱ्याला जाऊ शकत नाही, खालून पीठ आणायला जाऊ शकत नाही, आणि धाड आली तर पळू शकत नाही. धाड येतच होती, तेव्हा या भागात इटालियन सैन्य होतं, सप्टेंबर १९४३ नंतर जर्मन.

मग ते काय करायचे, तर रात्री खाली रॉयाँच्या, म्हणजे पठाराच्या पायथ्याच्या भागातल्या, गावांत उतरायचं, तिथे रोमाँहून कारखान्यातली ओळखीची माणसं कातड्याचे तुकडे, दोरा, खिळे, जुने टायर आणून ठेवायची, ते पाठीवर घेऊन परत वर. टायरचे तळवे. तळव्याला खिळे ठोकायचे की नाही हा मोठा प्रश्न, कारण खिळे असले की ओल्या दगडावर पकड येते पण डांबरी रस्त्यावर रात्री आवाज होतो. "म्हणून मी दोन प्रकारचे बूट ठेवायचो. रस्त्यावर जाणाऱ्याला बिनखिळ्यांचे, जंगलात राहणाऱ्याला खिळ्यांचे. कोण कुठे जाणार हे मला कुणी सांगायचं नाही, फक्त सांगायचे खिळे की बिनखिळे. तेवढ्यावरून मला कळायचं."

हे वाक्य ऐकून मी कॅसेट थांबवली. म्हणजे थांबवायची नाही असं ठरवलं होतं, पण ही डिजिटल कॉपी होती त्यामुळे हरकत नाही. नवऱ्याला बोलावून ऐकवलं. त्याने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चाळीस वर्षं ही कॅसेट त्याच्या आत्याच्या कपाटात होती.

१६ फेब्रुवारी

फाईलींची नावं ठरवली. तारीख, कॅसेट नंबर, बाजू, बोलणारा. तीन कॉपी, त्यातली एक घराबाहेर, आत्तेसासूबाईंकडे. ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्शन करून बघितलं, साधं बोलणं चांगलं उतरतं पण गावांची नावं आणि रोमाँकडचे बोलीतले शब्द सगळे गडबडतात, त्यामुळे हाताने.

९ मार्च

आत्तेसासूबाईंकडे दुपारभर. त्यांना मी फोनवर रेकॉर्ड केलं, आधी विचारून.

मी विचारलं की तुम्ही १९८६ लाच का विचारलंत. तर म्हणाल्या, कॉलेजात एक मुलगी म्हणाली की माझे आजोबा वेर्कोरचे हिरो होते, आणि मला वाटलं की माझे बाबा तर स्वतः तिथे होते आणि मी त्यांना एकदाही काही विचारलं नाही. पेपे आधी नाही म्हणाले. मग मामी म्हणाल्या, मुलगी विचारतेय तर सांगा की हो, मला तरी कुठे सांगितलंत. त्यामुळे टेपवर मामींचा जो आवाज येतो तो काही असाच नाहीये, त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पहिल्यांदाच ऐकत होत्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पेपे झोपायच्या खोलीत पलंगाखाली पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. काचेच्या, लिटरच्या, ओळीने भरलेल्या. दर रविवारी जुनं पाणी कुंड्यांना घालायचं आणि ताजं भरायचं. मुलांना वाटायचं सगळ्यांच्याच बाबांच्या पलंगाखाली बाटल्या असतात. कारण कुणी कधी विचारलं नाही. सासऱ्यांना फोन करून विचारलं तर तेही म्हणाले, हो हो, बाटल्या, एकदा मी एक फोडली होती आणि ते माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडले ते तेव्हा.

२९ मार्च

व्हँसेनहून फाईल बघून आलो. पॅरिसच्या कडेला व्हँसेनचा किल्ला आहे तिथे लष्कराचं ऐतिहासिक अभिलेखागार, तिथे प्रतिकार चळवळीतल्या माणसांच्या वैयक्तिक फाईली जीआर १६ पी या क्रमांकाखाली ठेवल्यात, सुमारे सहा लाख नावं. नावांची यादी ऑनलाईन बघता येते पण फाईल बघायला जागा आणि फाईल आधी बुक करून जावं लागतं. ज्यांच्या घरात असं कुणी आहे, आणि पाँडिचेरीकडचीही काही घरं असतील, त्यांनी हे करून बघावं, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख हाताशी ठेवून.

फाईल पातळ. एक अर्ज, एक प्रमाणपत्र. त्यावर सेवेचा काळ लिहिलाय ९ जून १९४४ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत. संपलं.

म्हणजे कागदाच्या हिशोबाने पेपे त्या चळवळीत अडीच महिने होते. ६ जूनला नॉर्मंडीत मित्रराष्ट्रं उतरली आणि ९ जूनला वेर्कोरमध्ये सगळ्यांना वर बोलावलं गेलं, रोमाँमधून पोरं ट्रकांनी वर गेली, त्या दिवशी त्यांचं नाव रजिस्टरमध्ये आलं. आणि मार्च १९४३ पासूनचे पंधरा महिने, सगळे हिवाळे-उन्हाळे, टायरचे तळवे, रात्रीच्या वाऱ्या, ते कुठेच नाही.

याचा परिणामही झालाय हे आता कळतंय. १९४९ च्या कायद्याने प्रतिकारातल्या स्वयंसेवक सैनिकाचं एक कार्ड द्यायला सुरुवात झाली, त्यासाठी साधारणपणे ६ जून १९४४ च्या आधी किमान तीन महिने काम केल्याचं दाखवावं लागायचं. पेपेंकडे ते कार्ड नाही. साक्षीदार उभे करून मागता आलं असतं. त्यांनी अर्जच केला नाही.

१३ एप्रिल

या पंधरा महिन्यांवर घरात खूप बोलणं झालं. नवरा म्हणाला की आता पुस्तिकेत सरळ लिहू की मार्च १९४३ ते ऑगस्ट १९४४. मी नाही म्हटलं. कागद जे सांगतो ते कागदाच्या नावाने लिहायचं, पेपे जे सांगतात ते पेपेंच्या नावाने, १९८६ च्या तारखेसकट, आत्या सांगतात ते आत्यांच्या नावाने. तिन्ही शेजारी शेजारी. एकात एक मिसळून गुळगुळीत गोष्ट केली की पन्नास वर्षांनी कुणालाही त्यातलं काय कुठून आलं ते सोडवता येणार नाही, आणि मग एखादा म्हणेल फाईलमध्ये तर अडीच महिनेच आहेत, म्हणजे बाकी सगळी घरची बढाई. मला पेपेंच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही. ज्या माणसाने उलट स्वतःचं कमी करून सांगितलं त्याच्या माथी बढाईचा शिक्का नको.

सासरे जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तू म्हणतेस तसं कर.

१० मे

वर जाऊन आलो, सगळे. सँ-जाँ-आँ-रॉयाँवरून कोंब लाव्हालच्या रस्त्याने. एकोणिसाव्या शतकात लाँतच्या जंगलातलं लाकूड खाली आणायला कड्याच्या पोटात कोरलेला रस्ता आहे, एका बाजूला खडक आणि एका बाजूला सरळ दरी. लेक सगळा वेळ खिडकीला चिकटून. पेपे हा रस्ता टाळायचे, टेपवर आहे, रस्त्यावर कुणी भेटलं तर लपायला जागाच नाही, त्यामुळे पायवाटेने.

वासियूला गेलो. गाव आता पाहिलं तर सगळी घरं एकाच काळातली वाटतात कारण ती तशीच आहेत, जुनं गाव उरलंच नाही. १४ जुलै १९४४ ला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवशी, भर दिवसा अमेरिकेची ७२ बी-१७ विमानं आली आणि पॅराशूटने शस्त्रांचे डबे टाकले. लोक नाचले. पण डब्यांत हलकी शस्त्रं, तोफा-मॉर्टर काही नाही, आणि थोड्याच वेळात जर्मन विमानांनी बाँब टाकायला सुरुवात केली. वासियूजवळ मित्रराष्ट्रांच्या विमानांसाठी धावपट्टी तयार करणं चालू होतं. २१ जुलैला सकाळी ग्लायडर आले तेव्हा कित्येकांना वाटलं की आलेच आपले. ते जर्मन होते. गावातले ७३ नागरिक मारले गेले, म्हातारे, बाया, लहान मुलं. इथल्या दफनभूमीत १८७ कबरी आहेत. काही कबरींवर एकाच आडनावाच्या ओळी लागोपाठ येतात. लेकीने वयं वाचायला सुरुवात केली आणि मग स्वतःच थांबली.

ला शापेलला तो अंगणाचा भाग जपून ठेवलाय जिथे २५ जुलैला गावातली १६ तरुण पोरं गोळ्या घालून मारली. ल्युइरच्या गुहेचा बोर्ड पाहिला, पेपेंच्या टेपवर तिचा उल्लेख आहे. तिथे जखमींचं हॉस्पिटल हलवलं होतं, गुहेच्या तोंडाशी रेडक्रॉसचा झेंडा लावला होता. २७ जुलैला जर्मन तिथे पोचले. जखमींना मारलं, दोन डॉक्टरांना आणि एका जेझुइट पाद्रीला ग्रनोब्लला नेऊन मारलं, नर्सना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं.

अल्बममधल्या एका फोटोत पाच-सहा जण ओळीत बसलेत आणि त्यात एक आफ्रिकन सैनिक आहे. सासरे म्हणायचे तो अमेरिकन असेल. पण ल्योंजवळच्या दुआ बराकीतून पन्नासच्या आसपास सेनेगाली तिरायर, म्हणजे फ्रेंच वसाहतींमधले सैनिक, जून १९४४ मध्ये वेर्कोरला येऊन सामील झाले होते, वेर्कोरच्या प्रतिकाराचं इथे जे मेमोरियल आहे त्यात त्यांची माहिती आहे. फोटोतला माणूस त्यांच्यापैकी आहे असं मी लिहिणार नाही, शक्यता म्हणून लिहीन. पण सासरे त्या माहितीपुढे बराच वेळ उभे होते. त्याच्या पायातले बूट बघ, असं म्हणाले.

१८ मे

बाबांचा पुण्याहून फोन, मी पाठवलेली पहिली पानं वाचून. त्यांचं म्हणणं, १९४४ चा जुलै म्हटला की त्यांना यशवंत घाडगे आठवतात. माणगावजवळच्या पळसगावचे, मराठा लाईट इन्फन्ट्रीचे नाईक, इटलीत टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तेव्हा त्यांचं वय बावीस. पेपेही बावीसचे. आल्प्सच्या अलीकडे-पलीकडे. बाबा म्हणाले हे टाक पानात, नातीला दोन्हीकडचं कळू दे. टाकलंय, समासात.

१४ जून

दुसरी कॅसेट, दुसरी बाजू. ही मी पुढे ढकलत होते कारण आत्तेसासूबाईंनी लेबलवर पेन्सिलीने फक्त "लाँत" लिहिलंय आणि म्हणाल्या होत्या की ही एकटीने ऐकू नकोस. नवऱ्याबरोबर बसून ऐकली.

२३ जुलैला वेर्कोरचे लष्करी प्रमुख फ्रान्स्वा ह्युए यांनी विखुरण्याचा आदेश दिला. सुमारे दहा हजार जर्मन सैनिक पठारावर, सगळ्या खिंडी आणि रस्ते बंद. चार हजारांच्या आसपास मुलं, त्यातली पुष्कळशी जूनमध्येच आलेली. जंगलात शिरा, लहान गटांत राहा, दिसू नका. पेपे लाँतच्या जंगलात.

आणि तिथे पाणी नाही. जंगल घनदाट आहे, हिरवंगार आहे, आणि पाणी नाही. चुनखडी. पाऊस पडला की दगडाच्या भेगांतून सरळ पोटात जातो आणि शेकडो मीटर खाली कड्याच्या पायथ्याशी बाहेर येतो. वर मोजके झरे आणि गुरांसाठी बांधलेली टाकी, आणि जर्मनांना ते नकाशावर दिसत होतं. त्यांनी झऱ्यांवर पहारे बसवले. पोरांना शोधत जंगलभर फिरायची गरजच नव्हती.

पेपे इथे फार हळू बोलतात. पहाटे शेवाळ पिळायचं. पानांवरचं दव चाटायचं. एका खोल भोकात तळाशी थोडा जुना बर्फ होता, तो आणायला एक जण दोरीने उतरला. खायला होतं थोडं, पण कोरडं घशाखाली उतरेना. रात्री कुणी बूट काढायचे नाहीत असा नियम त्यांनीच केला, कारण सुजलेला पाय परत बुटात जात नाही आणि मग तो माणूस तिथेच राहतो. एकाने काढले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आत्यांनी विचारलंही नाही, टेपवर फक्त घड्याळ आहे.

मग मामींचा आवाज, दारातून, स्पष्ट. "म्हणून बाटल्या."

आणि पेपे म्हणतात, "हो."

लग्नाला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.

१५ जून

कालच्या बाजूचं लेखन पूर्ण केलं. शांततेचे सेकंद चौकोनी कंसात लिहिलेत, "एकाने काढले" नंतरची शांतता एकोणीस सेकंदांची आहे. सासऱ्यांना टेप ऐकवली नाही, त्यांना लिहिलेलं दिलं, त्यांनी तसंच मागितलं होतं.

२१ जुलै

आज वासियूला कार्यक्रम होता, सासरे आणि आत्या गेल्या. वासियू फ्रान्समधल्या अशा पाच गावा-शहरांपैकी आहे ज्यांना दगॉलने कोंपान्यों द ला लिबेरासिओं (मुक्तीचे सोबती) हा सन्मान दिला, बाकी चार म्हणजे पॅरिस, नाँत, ग्रनोब्ल आणि सँ बेट. पेपे असोसिएशनचे सभासद होते पण या कार्यक्रमाला कधी जायचे नाहीत. सासरे याआधी एकदाच गेले होते. मला ऑफिस होतं.

१७ ऑगस्ट

पुस्तिकेच्या शेवटच्या भागावरून जेवताना मोठा वाद. वेर्कोरला वाऱ्यावर सोडलं का, हा इथला कायमचा प्रश्न. २१ जुलैच्या रात्री वेर्कोरचे नागरी प्रमुख युजेन शावाँ यांनी अल्जीयर्सला (तेव्हा दगॉलचं हंगामी सरकार तिथे होतं) तार पाठवली की मदत आली नाही तर आम्ही म्हणू लंडन-अल्जीयर्सवाल्यांना इथली परिस्थिती कळलीच नाही, आणि त्यांना गुन्हेगार आणि भेकड ठरवलं. सासऱ्यांना ती तार जशीच्या तशी पेपेंच्या भागाच्या तोंडावर हवी आहे. वेर्कोरची किंमत ६०० हून जास्त लढणारे आणि २०० च्या आसपास नागरिक, आणि ज्यांनी डोंगरात राहा, आम्ही येतो असं समजू दिलं ते आले नाहीत. त्यांचा राग मला पटतो. माझं स्वतःचंही मत असंच झालंय की अल्जीयर्समध्ये प्लान मोंतान्यारकडे कुणी नीट बघितलं असतं तर ९ जूनला इतक्या कोवळ्या पोरांना वर बोलावलं गेलं नसतं, किंवा मागे घेतलं गेलं असतं.

पण पेपेंनी टेपवर या विषयावर एकच वाक्य बोललंय आणि ते तारेबद्दल नाहीये. आत्यांनी विचारलं, तुम्हाला राग येतो का त्यांचा. ते म्हणाले, "मला राग येतो की जूनमध्ये जी पोरं आली त्यांना मी बूट देऊ शकलो नाही. फार आली एकदम. कातडं संपलं होतं."

तार पुस्तिकेत येईल, तारखेसकट, वेगळ्या पानावर. पेपेंच्या भागाच्या तोंडावर हे वाक्य येईल. सासऱ्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि हो म्हणाले, आणि आत्यांनी सुचवलं की खिळ्यांची डबी उघडून तिचा फोटो समोरच्या पानावर घ्यावा. घेतला, दिवसाच्या उजेडात, मापाची पट्टी शेजारी ठेवून.

३१ ऑगस्ट

कॅसेटच्या मूळ फाईली, लिहिलेला मजकूर, फोटोंचे स्कॅन आणि आत्तेसासूबाईंची मुलाखत असा एक संच व्हालाँसच्या जिल्हा अभिलेखागाराला द्यायचा अर्ज केलाय, एक वासियूच्या म्युझियमला विचारून बघणार. अर्जात "विषय" या रकान्यात मी लिहिलंय: आँबेल आणि रॉयाँ भागात १९४३-४४ मध्ये पादत्राणांचा पुरवठा आणि दुरुस्ती. आत्या म्हणाल्या बाबांना हे आवडलं असतं, पण लगेच म्हणाल्या, खरंच आवडलं असतं का ते मला माहीत नाही, हे माझ्या नावाने लिही.

मराठी पानं बाबांना मोठ्या टायपात प्रिंट करून पाठवायची आहेत, त्याआधी तिसऱ्या कॅसेटची पहिली बाजू राहिलीये, त्यावर रोमाँच्या कारखान्यातल्या माणसांची यादी आहे ज्यांनी कातडं पुरवलं. त्यांच्या घरच्यांना शोधून परवानगी मिळेपर्यंत त्यातली नावं बाहेर जाणार नाहीत.